‘टू क्लब’ हा प्रश्न आहे: मेजर ओपनिंगवर गेम-फोर्सिंग रिले कशी बसवावी

ब्रिजचा डाव. ओपनरने, म्हणजे पहिली बोली करणाऱ्याने, १ इस्पिक उघडली, समोरून भिडूची २ किलवर आली. ओपनरच्या हातात किलवरची चार चांगली पाने आहेत, म्हणून तो खुशीत ३ किलवर करतो. पण दोघांनी रिले (एकाने नुसते विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे अशी बोलीची पद्धत) ठरवलेली आहे, आणि रिलेत त्या ३ किलवरचा अर्थ होतो, ‘माझ्याकडे पाच इस्पिक, चार चौकट आणि बदामचे एखादेच पान.’ भिडू त्या नसलेल्या हाताच्या भरवशावर ५ चौकटपर्यंत जातो आणि मग दोघेही एकमेकांकडे बघत बसतात. नव्या जोडीचा पहिला अपघात बहुतेक वेळा असाच होतो. २ किलवर ही रंगाची बोली नाही, तो प्रश्न आहे, हे डोक्यात मुरेपर्यंत रिले टेबलावर आणू नये.

खालची मांडणी संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडे सर्रास चालणाऱ्या पद्धतीवर बसेल अशी घेतली आहे. म्हणजे पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम; चौकट आणि किलवर हे मायनर), ओपनिंग साधारण १२ ते २० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि १ नोट्रंप (ट्रंपशिवायचा खेळ) १५ ते १७. तुमची पद्धत प्रिसिजन (मोठे हात १ किलवरने उघडणारी) असेल तर काम आणखी सोपे, कारण तिथे १ इस्पिकची वरची मर्यादा आधीच १५ च्या आसपास बांधलेली असते.

एक गोष्ट शब्दांची. मराठीत हुकूम म्हणजे ट्रंप. दखनी बोलणाऱ्या भिडूला मात्र हुकूम म्हटले की इस्पिक दिसते. मराठीत पान म्हणजे कुठलाही पत्ता, त्याच्या लेखी पान म्हणजे बदाम. मेंढीकोटच्या अड्ड्यावर हे हसण्यावारी जाते, पण रिलेत एका शब्दाने अख्खा हात बदलतो. आपल्याकडच्या टेबलांवर दोन्ही बोलणारे बसतात, म्हणून समजावून सांगताना स्पेड, हार्ट, डायमंड, क्लब असेच म्हणावे. लिहिताना मी आपले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर वापरतो. ‘ट्रंप’ला ट्रंपच म्हणतो.

स्वस्त बोलीची किंमत

रिलेमध्ये दोन कामे दोघांत वाटून घ्यायची असतात. एकाने फक्त विचारायचे, दुसऱ्याने फक्त सांगायचे. विचारणारा प्रत्येक वेळी सगळ्यात स्वस्त, म्हणजे लगेच वरची बोली करतो आणि तिचा त्या रंगाशी काही संबंध नसतो. सांगणारा ठरलेल्या पायऱ्यांनी आपला हात उघड करत जातो. शेवटी काय खेळायचे ते विचारणारा एकटा ठरवतो.

सुरुवात २ किलवरने का, २ नोट्रंपने का नाही? मोजून पाहा. २ नोट्रंपनंतर ३ नोट्रंपपर्यंत पाच पायऱ्या उरतात. विचारणाऱ्याने दर वेळी लगतची पायरी वापरली तर त्या पाच पायऱ्यांत फक्त ८ प्रकारचे हात वेगळे दाखवता येतात. २ किलवरनंतर ३ नोट्रंपपर्यंत पायऱ्या नऊ आहेत, आणि त्यांत मावणारे हात आहेत ५५. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस, पंचावन्न ही ती चढती माळ. बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हीच संख्यामाला मांडली होती. लघु-गुरू बसवणे आणि बोली बसवणे, हिशेब एकच.

याच हिशेबातून दुसरा नियम निघतो. स्वस्त उत्तरात जास्त हात भरायचे, महाग उत्तरात कमी. आदर्श वाटणी म्हणजे पहिल्या पायरीला ३८ टक्के, दुसरीला २४, तिसरीला १५. पाच किंवा जास्त इस्पिक असलेल्या हातांपैकी सपाट ५-३-३-२ साधारण २२ टक्के भरतात, सहा किंवा जास्त पाने आणि दुसरा रंग नाही असे १७ टक्के, आणि दुसरा चार पानी रंग असलेले प्रत्येक रंगामागे २० टक्के. म्हणून सपाट हात आणि किलवरवाले हात मी पहिल्या पायरीत एकत्र घातले आहेत. दोघांची बेरीज ४२ होते, आदर्शाच्या बरीच जवळ.

२ किलवर कधी करायची

१३ पॉइंट हवेत. १२ वर करायची असेल तर हातात एक चांगला पाच पानी रंग हवा. ११ वर मोह आवरा. ही बोली झाली की गेमच्या (३ नोट्रंप, ४ मेजर किंवा ५ मायनरच्या) आत कुणालाही पास म्हणता येत नाही, आणि ‘२ इस्पिकवर थांबलो असतो तर’ ही हळहळ मग फुकाची. १०-११ चे हात १ नोट्रंपमधून न्या, नाहीतर सहा पानी रंग असेल तर २ चौकट किंवा २ बदाम ‘फक्त निमंत्रण’ म्हणून वापरा. गेमच्या ताकदीचे सगळे हात २ किलवरमध्ये गेल्यामुळे त्या दोन्ही बोल्या आता मोकळ्या झाल्या आहेत.

भिडूने आधी पास म्हटले असेल तर त्याची २ किलवर रिले नव्हे. विरोधकाने मध्ये रंग बोलला असेल तरीही नव्हे.

विचारायला चांगला हात म्हणजे सपाट, एक्के-राजे असलेला, ज्याला समोरच्याचा आकार कळला की लगेच हिशेब लावता येतो. तुमच्याच हातात ६-५ आणि एखादा रंग शून्य असेल तर विचारत बसू नका. समोरचा एक्का-राजा मोजून सांगेल, आणि तो एक्का नेमका तुमच्या शून्याच्या रंगात निघेल. असा हात विचारत नाही, सांगतो.

पायऱ्या

१ इस्पिक – २ किलवर यानंतर ओपनर:

२ चौकट: ५-३-३-२, नाहीतर दुसरा रंग किलवर
२ बदाम: दुसरा रंग बदाम
२ इस्पिक: सहा किंवा जास्त इस्पिक, दुसरा चार पानी रंग नाही
२ नोट्रंप आणि वर: दुसरा रंग चौकट, आणि तो थेट शिडीवर

ही शिडी एकदा पाठ झाली की निम्मे काम झाले, कारण ती तिन्ही रंगांना तीच आहे आणि नेहमी २ नोट्रंपपासूनच सुरू होते. न्यूझीलंडमध्ये घडलेल्या सिमेट्रिक रिलेमागचे तत्त्व हेच: दुसरा रंग कुठलाही असो, आकाराचे उत्तर त्याच पायरीवर यावे.

२ नोट्रंप: ५-४-२-२
३ किलवर: ५-४, उरलेल्या दोन रंगांपैकी वरचा रंग तोकडा
३ चौकट: ५-४, उरलेल्यांपैकी खालचा रंग तोकडा
३ बदाम: ५-५ (६-५ सुद्धा इथेच)
३ इस्पिक: ६-४

तोकडा म्हणजे एक किंवा शून्य पान. वरचा-खालचा हा नेहमीचा क्रम: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. घोकायचे सूत्र एवढेच: आधी सपाट, मग वरचा, मग खालचा.

दुसरा रंग चौकट असेल तर शिडी थेट लागते. बदाम असेल तर २ बदामवर विचारणारा २ इस्पिक करतो आणि शिडी २ नोट्रंपपासून सुरू होते. २ चौकट आली असेल तर तो २ बदाम विचारतो. त्यावर २ इस्पिक म्हणजे सपाट ५-३-३-२, आणि २ नोट्रंपपासून वर म्हणजे दुसरा रंग किलवर, शिडी तीच.

सपाट हाताला पुन्हा विचारायचे असेल तर २ इस्पिकवर २ नोट्रंप. आता दोन पानी रंग कुठला ते सांगायचे: ३ किलवर वरचा, ३ चौकट मधला, ३ बदाम खालचा. १५ ते १७ चे सपाट हात तुम्ही १ नोट्रंपने उघडता, म्हणून इथे ओपनरकडे १२ ते १४ किंवा १८ ते १९ असतात, मधले नसतात. पाच पानी मेजर असताना १ नोट्रंप उघडायची नाही असे ठरले असेल तर हा फायदा जातो. काय ते एकदा बसून ठरवा.

सहा पानी हाताला २ इस्पिकवर २ नोट्रंप विचारायची. ३ किलवर म्हणजे तोकडा रंग नाही, ३ चौकट वरचा तोकडा, ३ बदाम मधला, ३ इस्पिक खालचा.

५-५ आणि ६-४ मध्ये तोकडा रंग कळायचा राहिला. तो पुढच्या प्रश्नात, दोनच उत्तरांत: पहिली पायरी वरचा, दुसरी खालचा. ५-४-४-० हाताला वेगळी पायरी दिलेली नाही. तो दुसरा मेजर आधी दाखवतो. दोन्ही मायनर असतील तर चौकट दाखवतो आणि ५-४-३-१ मध्ये मिसळून जातो. हे मुद्दाम केले आहे. असा हात शंभरात जेमतेम दोनदा येतो, त्याच्यासाठी शिडीला फांदी फोडली तर बाकीचे अठ्ठ्याण्णव बिघडतात.

१ बदाम उघडली असेल तर काहीच बदलत नाही. २ चौकट: सपाट किंवा किलवर. २ बदाम: दुसरा मेजर, म्हणजे इस्पिक. २ इस्पिक: सहा बदाम. २ नोट्रंपपासून वर: चौकट. पायऱ्या मोजा, रंगांची नावे घोकू नका.

थांबा कुठे, प्रश्न कुठे

जोड्या रिलेत बुडतात त्या पायऱ्या विसरल्यामुळे क्वचितच. विचारणाऱ्याची एखादी बोली प्रश्न की शेवट, यावर दोघांचे एकमत नसते तिथे त्या बुडतात. म्हणून वरची शिडी उद्या शिकलात तरी चालेल, हे आज कागदावर लिहून दोघांनी वाचा.

विचारणाऱ्याची ३ नोट्रंप कधीही प्रश्न नाही. ती खेळायची आहे, ओपनरने पास म्हणायचे. त्याच्याकडे १९ पॉइंट असले, हात फुरफुरत असला तरी पास.

ओपनरने दाखवलेल्या कुठल्याही मेजरमधली गेमची किंवा त्यावरची बोली, म्हणजे ४ इस्पिक, ४ बदाम, ५ बदाम, हीसुद्धा शेवट आहे. मात्र ओपनरने बदाम दाखवलेलेच नसतील आणि ४ बदाम ही सगळ्यात स्वस्त पायरी असेल तर ती रिलेच.

सहाच्या पातळीवर विचारणाऱ्याची बोली नेहमी शेवटची. पाच मायनर ही लगतची पायरी नसेल तर तीही.

प्रश्नाची पायरी मोजताना विचारणारा हे थांबे ओलांडून जातो. उत्तर ३ इस्पिक आले असेल तर पुढचा प्रश्न ३ नोट्रंप नव्हे, ४ किलवर, आणि त्यावरची पहिली पायरी ४ चौकट. सांगणाऱ्याला मात्र एकही पायरी गाळायची मुभा नाही. ३ नोट्रंप हे त्याच्या तोंडचे साधे उत्तर आहे. बारवेच्या पायऱ्या जशा एकेक करून उतरायच्या, तसे.

ब्लॅकवूड बंद. ४ नोट्रंप ही लगतची पायरी असेल तर तो पुढचा प्रश्न, बस्स. ‘४ नोट्रंप म्हणजे एक्के’ ही सवय जुन्या खेळाडूंच्या हाडात मुरलेली असते आणि नेमकी स्लॅमच्या (१२ किंवा १३ दस्तांच्या बोलीच्या) वेळी ती वर येते.

विचारणाऱ्याने ३ नोट्रंपच्या आत लगतची पायरी सोडून दुसरा रंग बोलला तर रिले तिथेच तुटली. ती खरी बोली: ‘माझा रंग चांगला आणि लांब आहे, तोच ट्रंप.’ ३ इस्पिक अशी आली तर इस्पिक ट्रंप ठरले आणि पुढे नेहमीची क्यू-बिड (कुठल्या रंगात एक्का-राजा आहे ते दाखवणारी बोली). हे हत्यार कमी वापरा.

आकारानंतर: कंट्रोल आणि चित्रे

आकार पूर्ण कळल्यावरची पुढची रिले कंट्रोल विचारते. एक्का दोन, राजा (किंवा बादशा म्हणा) एक, गड्डीत एकूण बारा. तेराच्या आसपास पॉइंट असलेल्या ओपनिंगमध्ये साधारण चार असतात. म्हणून पहिली पायरी तीन किंवा कमी, दुसरी चार, तिसरी पाच, चौथी सहा, असेच पुढे.

त्यानंतरची रिले विचारते, चित्रे कुठे आहेत? उत्तर नकारातून येते. ओपनरने मनातल्या मनात रंगांची फेरी मारायची: लांब रंग आधी, लांबी सारखी असेल तर वरचा आधी, तोकडा रंग गाळायचा. पहिल्या फेरीत प्रत्येक रंगात एक्का-राजा-राणीपैकी एक तरी आहे का, दुसऱ्या फेरीत त्यांपैकी दुसरे आहे का. जिथे पहिल्यांदा ‘नाही’ येईल त्या क्रमांकाची पायरी बोलायची.

एक हात शेवटपर्यंत पाहू.

ओपनर: इस्पिक एक्का राजा ९ ६ ३, बदाम राजा राणी ८ ४, चौकट ७, किलवर राणी ५ २.
विचारणारा: इस्पिक राणी ४, बदाम एक्का गुलाम ९ ५, चौकट ८ ६ ४ ३, किलवर एक्का राजा ६.

दोन्हीकडे १४-१४. साध्या बोलीत बहुतेक टेबलांवर ४ बदाम होईल आणि १२ दस्त करून मंडळी ‘स्लॅम होता की’ म्हणत पुढचा बोर्ड उघडतील.

रिलेत: १ इस्पिक – २ किलवर – २ बदाम (दुसरा रंग बदाम) – २ इस्पिक (पुढे?) – ३ किलवर. उरलेले रंग चौकट आणि किलवर, वरचा तोकडा, म्हणजे चौकट. विचारणाऱ्याचे चौकटचे चारही पत्ते फालतू आहेत, आणि ते नेमके समोरच्या एका पानावर पडले. सगळी ताकद कामाच्या रंगांत. इथे त्याचे डोळे चमकायला हवेत.

३ चौकट (कंट्रोल?) – ३ इस्पिक, म्हणजे चार. ३ नोट्रंप शेवट असल्यामुळे पुढचा प्रश्न ४ किलवर. ओपनरची फेरी: इस्पिकमध्ये चित्र आहे, बदाममध्ये आहे, किलवरमध्ये आहे, दुसरे चित्र इस्पिकमध्ये आहे, बदाममध्ये आहे, किलवरमध्ये नाही. सहावी पायरी. ४ चौकट एक, ४ बदाम दोन, ४ इस्पिक तीन, ४ नोट्रंप चार, ५ किलवर पाच, ५ चौकट सहा. ओपनर ५ चौकट बोलतो.

आता विचारणाऱ्याने शांतपणे वजाबाकी करायची. इस्पिकची दोन चित्रे, राणी माझ्याकडे, म्हणजे एक्का-राजा. बदामची दोन, एक्का माझ्याकडे, म्हणजे राजा-राणी. किलवरचे एक, एक्का-राजा माझ्याकडे, म्हणजे राणी. कंट्रोल झाले चार, म्हणून चौकटमध्ये एक्का-राजा नाही. गुलाम आणि चौकटची राणी सोडली तर समोरचे प्रत्येक चित्र त्याला पत्ता न बघता कळले. चौकटचा एक दस्त जाईल. ट्रंप ३-२ फुटले, म्हणजे ६८ टक्के वेळा, तर इस्पिक ४-२ असले तरी एक ट्रंप मारून पाचवे इस्पिक उभे राहते. ६ बदाम. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही मोठे) असताना हा बोर्ड १४३० चा. ४ बदाम करून दोन जास्त केले तर ६८०.

आता ओपनरचे फक्त दोन रंग अदलाबदल करा: चौकट राणी ५ २, किलवर ७. पॉइंट तेच, कंट्रोल तेच. ३ किलवरऐवजी उत्तर येते ३ चौकट: खालचा तोकडा. आता विचारणाऱ्याच्या किलवर एक्का-राजासमोर एक पान आणि चौकटच्या चार फालतूंसमोर तीन पाने. चौकटची सुरुवात झाली तर निदान दोन दस्त तिथेच गेले. विचारणारा पुढे काही न विचारता ४ बदाम म्हणतो आणि थांबतो. २८ पॉइंट दोन्ही वेळेला होते, फरक एका पायरीचा.

तिसराही प्रकार लक्षात ठेवा. इस्पिक एक्का गुलाम ९ ६ ३, बदाम राजा राणी ८ ४, चौकटचा एकटा राजा, किलवर राणी ५ २. कंट्रोल पुन्हा चार. पण चित्रांच्या फेरीत दुसऱ्या वेळी इस्पिकपाशीच ‘नाही’ येते, चौथी पायरी, ४ नोट्रंप. विचारणाऱ्याला कळते की इस्पिकमध्ये भोक आहे. तो ५ बदाम म्हणतो. बदाम दाखवलेला रंग आहे, म्हणून तो शेवट, आणि ओपनरने पास म्हणायचे. इथे ‘आपला हात चांगला आहे’ म्हणून सहावर नेणारे ओपनर असतात. त्यांना काही दिवस १ नोट्रंपच खेळू द्यावी.

आकार कळण्याचा उपयोग स्लॅमपुरता नाही. ओपनरने इस्पिक-चौकट आणि किलवर तोकडा दाखवला, आणि तुमच्याकडे किलवर १० ६ ४. विरोधकांकडे किमान नऊ किलवर आहेत. ३ नोट्रंप विसरा आणि ५-२ वर का होईना, ४ इस्पिक किंवा ५ चौकटचा विचार करा.

या मांडणीचा एक दोष आहे. मेजरमध्ये डिक्लेरर (डाव खेळणारा) जवळजवळ नेहमी ओपनरच होतो, म्हणजे ज्याचा हात उघडा पडला तोच खेळतो, आणि बचाव करणाऱ्यांनाही त्याचे पान न पान कळलेले असते. म्हणून गेम कुठला ते दिसले की थांबा. केवळ कुतूहल म्हणून विचारलेला प्रत्येक प्रश्न विरोधकांना फुकटची माहिती देतो. १४ पॉइंट, तीन इस्पिक, स्लॅमची शक्यता नाही, तर पहिल्या उत्तरानंतर सरळ ४ इस्पिक.

विरोधक मध्ये पडले तर

नियम दोनच ठेवा, जास्त ठेवलेत तर ऐनवेळी आठवणार नाहीत. त्यांनी कुठल्याही कृत्रिम बोलीला डबल दिले तर ते आलेच नाही असे समजून पायऱ्या चालू. त्यांनी रंग बोलला तर रिले बंद, गेमची सक्ती कायम. ओपनरचा पास म्हणजे ‘तू ठरव’, डबल म्हणजे दंडासाठी. डबलवर रीडबलला नवा अर्थ देऊन एक पायरी वाचवता येते खरी, पण ते सहा महिन्यांनी.

सराव

एक गड्डी घ्या. इस्पिकची तेरा पाने पिसून त्यांतली पाच काढा, उरलेली ४७ पिसून आणखी आठ द्या. १२ पॉइंटच्या आतला हात परत टाका. एकाने सांगायचे, दुसऱ्याने आपला हात न घेताच नुसते विचारत जायचे आणि आकार कागदावर लिहायचा. मग पत्ते उलटून ताडून पाहायचे. एका बैठकीला २० हात. सलग तीन बैठका आकाराची एकही चूक झाली नाही की कंट्रोल घ्या, ते बसले की चित्रे. तिन्ही एकदम घेतले की तिन्ही कच्चे राहतात. एक भिडू लातूरला आणि दुसरा नांदेडला असेल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर दोघांचे बिडिंग टेबल लावून हेच करता येते.

चूक झाली की ती कुठल्या जातीची ते लिहून ठेवा: पायरी चुकली, वरचा-खालचा उलटा झाला, की थांबा ओळखला नाही. वरचा-खालचा उलटा होणे सगळ्यात जास्त, आणि तेही दुसरा रंग किलवर असताना. कारण तेव्हा उरलेले रंग बदाम आणि चौकट असतात, आणि मन सवयीने किलवरलाच ‘खालचा’ धरते.

टेबलावरची शिस्त

स्पर्धेत ही पद्धत चालते का ते डायरेक्टरला आधी विचारा, कन्व्हेन्शन कार्डावर लिहा आणि प्रत्येक कृत्रिम बोलीला अ‍ॅलर्ट (विरोधकांना सावध करणारी सूचना) द्या. अ‍ॅलर्ट बोलणाऱ्याने नाही, त्याच्या भिडूने द्यायचा. विचारले तर अर्थ सांगायचा, सांकेतिक नाव नव्हे. ‘पहिली पायरी’ हे उत्तर नाही. ‘पाच इस्पिक आणि हात ५-३-३-२, नाहीतर सोबत किमान चार किलवर’ हे उत्तर. २ किलवरबद्दल ओपनरने सांगायचे: ‘गेमपर्यंत सक्ती, किलवर असतीलच असे नाही, माझा हात विचारलाय.’

बोली चालू असताना स्वतःची टिपणे बघता येत नाहीत. २०१७ च्या डुप्लिकेट ब्रिज नियमांत स्मरणाला मदत घेण्याची मनाई आहे. भिडूने तुमच्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला तर तुम्हाला तो ऐकूच आला नाही असे वागायचे. चेहरा तसाच ठेवायचा आणि आपल्या मूळ समजुतीनेच पुढची पायरी द्यायची, मग शेवट वेडावाकडा झाला तरी चालेल. ती चूक बोली चालू असताना दुरुस्त करायची नाही. तुमची बाजू खेळणार असेल तर शेवटच्या पासनंतर, पहिले पान पडायच्या आत डायरेक्टरला बोलावून खरा अर्थ सांगायचा. बचावाला असाल तर खेळ संपल्यावर.